कॅलेंडरमागची भिंत

घर घेण्याआधी ते कसं तपासावं, याबद्दल वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

माझी ओळख थोडक्यात सांगते. वडील बार्शीकडचे गवंडी. मी १९८८ मध्ये सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि पुढची तीस वर्षं पुण्यातल्या साइटवर काढली. आता घर घेणाऱ्यांबरोबर घर बघायला जाते. पिशवीत टॉर्च, ओळंबा, टेप, रुपयाचं नाणं, एक गोटी आणि मोबाइलचा चार्जर असतो. कशासाठी ते पुढे येईलच.

प्रश्न : डोंबिवलीत तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा वन बीएचके पाहिलाय. इमारत १९९८ ची. घर नुकतंच रंगवलेलं, अगदी लखलखीत आहे. एजंट म्हणतो, आणखी दोन पार्ट्या तयार आहेत, रविवारपर्यंत टोकन द्या. एका भेटीत आम्हाला काय काय तपासता येईल?

तुमच्याआधी तयार असलेल्या त्या दोन पार्ट्या मला इतक्या वर्षांत एकदाही भेटलेल्या नाहीत. तेव्हा रविवार विसरा.

एजंट तुम्हाला आधी घरात नेणार, पंखा लावून बसवणार आणि वेळ उरलाच तर गच्ची दाखवणार. तुम्ही उलटं करा. आधी गच्चीवर जा, मग पार्किंगमध्ये, मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे आणि शेवटी त्या लखलखीत घरात. घराचं दुखणं बहुतेक वेळा घराबाहेर सुरू होतं आणि रंगाचा हात फक्त आतून मारलेला असतो.

तुमच्या डोक्यावर गच्ची आहे, म्हणून तिथे जास्त वेळ द्या. कोब्यावर, म्हणजे गच्चीच्या वरच्या सिमेंटच्या थरावर, टाचेने चालत आवाज ऐका. भरीव कोबा ठक्क वाजतो, सुटलेला बद्द. गच्ची आणि कठड्याच्या सांध्यावर सिमेंटचा गोलसर वाटा मारलेला असतो. तो सलग आहे की तडकलाय, ते बघा. पावसाळी पाइपच्या तोंडाशी जाळी आहे का, तिथे गाळ साचलाय का, पाणी तुंबल्याचा काळा डाग कुठवर गेलाय, तेही बघा. कठड्यात किंवा डक्टच्या (पाइप जातात त्या पोकळीच्या) भिंतीत पिंपळाचं रोप दिसलं तर फोटो काढून ठेवा. पिंपळ जिथे जगतो तिथे भेग आहे आणि भेगेत पाणीही आहे. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर ती कधी घातली आणि महापालिकेची परवानगी आहे का, हे सेक्रेटरींना विचारा. शेड हौसेने कोणी घालत नाही, गळती हाताबाहेर गेली की घालतात.

गच्चीतून पावसाचं पाणी झिरपून वरच्या मजल्याच्या छताचा गिलावा खराब झाला, तर आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमावलीप्रमाणे) ती दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने व्हायला हवी. मात्र सोसायटीच्या तिजोरीत पैसे नसले तर उपविधी छत्रीसारखे डोक्यावर धरता येत नाहीत. म्हणून दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे आणि येत्या वर्षात प्रत्येक सदनिकेकडून काही काढायचं ठरलंय का, हे आधीच विचारा. ठरलं असेल तर ती रक्कम विकणारा भरणार की तुम्ही, हे कागदावर आणा.

आता पार्किंग. कॉलमचा खालचा दीड-दोन फुटांचा भाग बघा. गाड्या धुतलेलं पाणी, पावसाचे शिंतोडे, सगळं तिथेच बसतं. कोपऱ्यालगत उभी, सरळ भेग आणि तिच्या कडेला तपकिरी ओघळ दिसला, तर आत सळई गंजतेय. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो, त्याला जागा मिळाली नाही की तो काँक्रीटच फोडून बाहेर येतो. कॉलममध्ये सळईवर साधारण ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण हवं. फुटलेल्या जागी जेमतेम बोटाच्या पेराएवढं दिसलं, तर मुळातच हयगय झालीय. आणि कॉलमला नव्या चकचकीत टाइल्स लावल्या असतील तर कौतुक करू नका. त्या कधी आणि का लावल्या, ते विचारा.

इमारतीचं वय पाहता तुम्हाला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी करायचं असतं. तुमच्या इमारतीची निदान दोन ऑडिट्स व्हायला हवी होती. अहवाल मागा आणि शेवटचं पान आधी वाचा. मुंबई-ठाणे पट्ट्यात इमारतींना वर्ग देतात : सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहतं ठेवून दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. सी-२बी असेल तरी घर घेता येतं, पण भाव त्या हिशेबाने ठरवा. अहवालात चाचण्या आहेत की नुसते फोटो आणि शिक्का आहे, तेही बघा. हॅमरने काँक्रीटचा पृष्ठभाग तपासतात, ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधतात. माझी आवडती चाचणी सगळ्यांत साधी आहे. काँक्रीटचा ताजा तुकडा पाडायचा आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन फवारायचं. काँक्रीट निरोगी असेल तर क्षणात गडद गुलाबी होतं, जणू रंगपंचमी. रंग चढलाच नाही तर तेवढ्या खोलीपर्यंत त्याचा अल्कलीपणा संपलाय आणि सळईचं कवच गेलंय. सोसायटीवाले म्हणाले, ‘ऑडिट केलंच नाही’, तर तेही उत्तरच समजा.

मग पार्किंगमधून वर या, दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची बेल वाजवा आणि त्यांच्या बाथरूमचं छत दाखवायची विनंती करा. तुमच्या होऊ घातलेल्या बाथरूमचं प्रगतिपुस्तक तिथे चिकटवलेलं असतं. संडास-बाथरूममधून होणारी गळती ही त्या त्या सदस्याची जबाबदारी आहे, त्यामुळे काकूंचं भांडण घराबरोबर तुमच्याकडे येणार. काकू मोकळेपणाने बोलतातही. एजंट आठवडाभरात सांगणार नाही ते दहा मिनिटांत कळतं.

शेवटी घर. विकताना रंग देणं यात काही गैर नाही. सगळं घर रंगवलं असेल तर ठीक, पण एकाच खोलीची एकच भिंत नवी असेल तर थांबा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा पाडा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगे, पुट्टीचे थर, बुजवलेल्या भेगेची कड, सगळं सावलीत उठून दिसतं. बाथरूमच्या पलीकडची भिंत जमिनीपासून कमरेपर्यंत हाताने चाचपा. सिंहगड रस्त्याला एका घरी नेमक्या अशा भिंतीवर कमरेच्या उंचीला कॅलेंडर टांगलेलं होतं. मी ते उचललं. मागे भाकरीएवढा पोपडा होता आणि त्यावर लोणा, म्हणजे ओलीने बाहेर आलेल्या क्षारांची पांढरी, बुरशीसारखी लव. बोट टेकवलं तर पेरभर आत गेलं. घरमालक म्हणाले, ‘मुलांना दिसावं म्हणून खाली लावलंय.’ त्यांची दोन्ही मुलं इंजिनिअरिंगला होती.

कपाटं सरकवायला सांगा. पीओपीचं छत असेल तर दिवा काढून त्या भोकातून मोबाइलने आतल्या स्लॅबचा फोटो घ्या. वायरिंग १९९८ चंच असेल तर ते नव्याने करायचा खर्च धरून चाला. आणि शक्य असेल तर एकदा भर पावसात, न सांगता जा.

प्रश्न : संडास ईशान्येला आहे म्हणून सासूबाई वाकडचं एक चांगलं घर नको म्हणताहेत. तांत्रिकदृष्ट्या दिशेला काही अर्थ असतो का?

संडासाचं मला माहीत नाही, पण दिशेला अर्थ असतो. आपला पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. महाराष्ट्रात घराची पश्चिमेची आणि दक्षिणेची भिंत जास्त झोडपून निघते आणि दुपारनंतरचं ऊनही तीच खाते. तापणं-भिजणं, तापणं-भिजणं यात तिच्यावरच आधी केसाएवढ्या भेगा पडतात. सासूबाईंना म्हणावं, नैर्ऋत्येची भिंत आतून हात लावून बघू. त्यांचाही मान राहील आणि तुमचंही काम होईल.

प्रश्न : पुनावळ्याला नवीन फ्लॅटचा ताबा मिळतोय. बिल्डरचा माणूस म्हणतो, एका तासात घर बघून त्रुटींची यादी द्या आणि ताबापावतीवर सही करा. आम्ही दोघंही आयटीतले. भिंत सरळ की वाकडी, तेही कळत नाही. कुठून सुरुवात करू?

माझ्या फजितीपासून सुरुवात करू. १९९७ च्या मे महिन्यात मी स्वतःचा पहिला फ्लॅट घेतला. साइटवरची बाई, नऊ वर्षांचा अनुभव, त्यामुळे तोरा होता. भिंत उभी सरळ आहे का ते बघायला ओळंबा लावला, कोपरा काटकोनात आहे का ते बघायला गुण्या लावला, टाइल वाजवल्या. सगळं उत्तम. जुलैत एका रात्री जोराचा पाऊस झाला आणि सकाळी हॉलच्या खिडकीखालची गादी पिळून काढावी लागली. झालं होतं एवढंच की सरकत्या खिडकीच्या खालच्या पट्टीला पाणी बाहेर जायला छोटी भोकं असतात, ती कारागिराने सफाईदारपणे पांढऱ्या सिमेंटने बुजवली होती. पट्टीत साचलेलं पाणी बाहेर जाईना, म्हणून आत आलं. तेव्हापासून मी प्रत्येक खिडकीच्या पट्टीत एक मग पाणी ओतते. ते बाहेरच्या बाजूने निथळलं पाहिजे. तुमच्या फ्लॅटमध्ये हे पहिलं काम. तोच मग घेऊन खिडकीबाहेरच्या दगडाचा उतारही बघा, तो बाहेर हवा.

पुढचं काम बाथरूमचं. गोटी दाराशी सोडा. ती घरंगळत नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जायच्या जाळीकडे, गेली पाहिजे. कमोडमागे जाऊन बसली तर रोज पाणीही तिथेच बसणार. बाल्कनीतही तेच करा. ताबा घेण्याआधी बिल्डर तयार झाला, तर ट्रॅपचं तोंड फडक्याने घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी २४ तास ठेवा आणि दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचं छत बघा. ‘आमची टेस्ट झालेली आहे’ असं सांगतील. ‘मग पुन्हा करायला काय हरकत आहे?’ एवढंच हसून विचारायचं.

नाणं टाइलसाठी. प्रत्येक टाइलचे चारही कोपरे आणि मधला भाग वाजवा. वडील थापीच्या मुठीने वाजवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, ‘इथं माल नाही.’ एखादी टाइल कोपऱ्यात पोकळ वाजली तर चालवून घ्या, मधोमध बद्द वाजणाऱ्या टाइल यादीत लिहा, कारण पहिलं जड कपाट ओढताना त्याच फुटतात. चार्जर प्रत्येक सॉकेटला लावून बघा. विजेच्या डब्यातल्या आरसीसीबीवर चाचणीचं बटण असतं, ते दाबल्यावर खटका पडलाच पाहिजे. झटक्यापासून जीव वाचवणारं ते यंत्र आहे. सगळे नळ एकदम सोडा आणि त्याच वेळी फ्लश करा, म्हणजे सकाळी साडेआठला या घरात काय होईल ते कळेल.

भिंती काटकोनात आहेत का, हे कळायला डिग्री लागत नाही. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ९० सेंटिमीटरवर खूण करा, दुसरीवर १२० वर. दोन खुणांमधलं तिरकं अंतर १५० आलं तर कोपरा काटकोनात आहे. तसं स्वयंपाकघरात जरूर करा, नाहीतर ओट्याखालच्या ट्रॉल्या बसवताना सुतार तुमच्या नावाने बोटं मोडेल. टेप हातात आहेच तर खोल्या मोजा. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या, व्याख्येत चटईक्षेत्रात (कार्पेट एरियात) आतल्या विभाजक भिंती धरतात. बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. करारातला आकडा त्या व्याख्येप्रमाणे जुळवा.

बीम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर आडवी, केसासारखी भेग दिसली तर घाबरू नका. दोन वेगळ्या वस्तू वेगवेगळ्या आकसतात आणि सांध्यावर जाळी मारायचा आळस केला की ती भेग येते. दिसायला वाईट, पण इमारतीला धोका नाही. यादीत लिहा आणि पुढे चला.

आता कागद. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा, कारागिरीचा किंवा दर्जाचा दोष तुम्ही बिल्डरच्या निदर्शनास आणला, तर त्याने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. त्यामुळे एका तासात सगळं सापडलं नाही म्हणून संधी गेली असं नाही. पण ताबापावतीत ‘सर्व तपासून समाधानी आहे, यापुढे तक्रार राहणार नाही’ असं वाक्य बहुतेक असतं. त्याखाली ‘सोबतच्या यादीतील त्रुटी वगळून’ असं पेनाने लिहा, मग सही करा. यादी ईमेलनेही पाठवा. आणि भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला महापालिकेने दिलेला दाखला) मिळालं नसेल तर गोटी-नाणं सगळं पिशवीत ठेवून घरी परत या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथे राज्याचा परवाना असलेला होम इन्स्पेक्टर घर तपासतो आणि दोष निघाले तर करारातून मागे फिरता येतं. पुण्यात आई-बाबांसाठी नदीकाठचा पाच वर्षं जुना फ्लॅट घ्यायचाय. तिकडे अशी सोय आहे का?

महाराष्ट्रात घर तपासणाऱ्यासाठी तसा वेगळा सरकारी परवाना नाही. तपासून देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचा यंत्राने काढलेला रंगीत अहवालही चांगला असतो, पण तो कोणी काढला ते विचारा. टाइल आणि रंगासाठी सिव्हिल इंजिनिअर पुरे. तड्यांविषयी मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचंच मत घ्या.

मागे फिरायची सोय आपोआप मिळत नाही, तुम्हीच लिहून घ्यायची. टोकन लहान द्या आणि विसार पावतीतच अट घाला : इतक्या दिवसांत तपासणी होईल, बांधकामाचा मोठा दोष निघाला तर विसार पूर्ण परत. विकणाऱ्याने कुरकुर केली तर निदान कुरकुरीचं कारण तरी कळेल. फ्लॅट पाच वर्षांच्या आतला असेल तर पहिल्या ताब्याची तारीख नीट बघा. रेरातला दोषदुरुस्तीचा हक्क पुनर्विक्रीने घेणाऱ्यालाही मिळतो, पण मुदत पहिल्या ताब्यापासूनच मोजली जाईल, असं धरून चाला.

नदीकाठ म्हणालात, म्हणून जादा एक सांगते. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत सोसायट्यांमध्ये पुराचं पाणी शिरलं होतं. नकाशावर निळी आणि लाल पूररेषा असते. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. तुमची इमारत कुठे बसते ते पाहून घ्या. मग वॉचमनला दोन प्रश्न विचारायला भावाला पाठवा : पार्किंगमध्ये पाणी कुठवर आलं होतं आणि उन्हाळ्यात रोज किती टँकर येतात? बाबांना जिना चढायला लावणारी गोष्ट म्हणजे बंद पडलेली लिफ्ट, आणि लिफ्टची मोटर कुठे आहे यावर पुरात ती चालेल की नाही हे ठरतं.

प्रश्न : राजापूरजवळच्या गावात चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) जुनं कौलारू घर विकाऊ आहे. मूळ मालक मुंबईला, घर सहा वर्षं बंद. निवृत्तीनंतर तिथे राहायचं डोक्यात आहे. मे महिन्यात जाऊन बघणार आहोत.

मे महिन्यात जा, पण फक्त विहीर बघायला. छप्पर बघायला आषाढात पुन्हा जा. वैशाखात तळाशी पाणी असलेली विहीर आणि आषाढात कोरडं माजघर, या दोन गोष्टी एकाच फेरीत बघता येत नाहीत.

बंद घराचे खरे मालक वाळवी आणि पाऊस. एक कौल सरकलं की खालची रीप, म्हणजे कौलं पेलणारी लाकडी पट्टी, भिजते, रीप कुजली की कौलांची अख्खी ओळ बसते, मग वासा. हे सगळं सहा वर्षांत होऊन जातं. दुपारी घरात जाऊन सगळी दारं-खिडक्या लावा आणि अंधारात वर बघा. जिथून उजेडाचे कवडसे पडतात तिथून पाणीही पडतं. त्यांच्या खालची जमीन बघा, शेणाच्या किंवा कोब्याच्या जमिनीवर थेंबांनी खळगे केलेले असतात. मग बाहेर अंगणात जरा लांब उभं राहून आढ्याची रेष बघा. मध्ये झोळ पडलेला दिसला तर दुरुस्ती कौलांची नाही, लाकडाची आहे आणि खर्च त्या पटीत वाढतो.

लाकडाला स्क्रू-ड्रायव्हरचं टोक लावा. वासा भिंतीत जिथे शिरतो तिथे, खांब जोत्यावर जिथे टेकतो तिथे आणि दाराच्या चौकटीच्या तळाशी. मी एकदा देवगडकडे एका सुंदर कोरीव खांबावर सहज बोटाने टकटक केली, आवाज पुठ्ठ्याच्या खोक्याचा आला. बाहेरून शाबूत, पॉलिश अजून चमकतंय आणि आत वाळवीने फक्त मातीचा खांब उभा ठेवलेला. भिंतीवर पेन्सिलीएवढ्या मातीच्या नळ्या दिसल्या तर एक फोडून बघा. ओली माती आणि पांढरे किडे म्हणजे वस्ती चालू आहे. कोरडी, रिकामी नळी म्हणजे ही वाट सुटलीय, दुसरी शोधा.

चिऱ्याचं मला कौतुक आहे. पण चिरा पाणी पितो. जुन्या लोकांनी वळचण (भिंतीबाहेर आलेली छपराची कड) लांब ठेवली ती पागोळ्या जोत्यापासून दूर पडाव्यात म्हणून. नंतर कोणी वासे कापून वळचण आखूड केली असेल, किंवा चिऱ्यावर बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला असेल, तर खालच्या दोन-तीन थरांचे चिरे नखाने खरवडून बघा. भुसा पडू लागला तर ते थर बदलावे लागतात. जमतं ते, गावात हे करणारे पाथरवट आणि गवंडी आहेत. त्यांना आधी घर दाखवून आकडा घ्या, मग मालकाशी बोला.

सर्वांत शेवटी घराच्या मागे जा. डोंगर कापून परसू मोठं केलंय का? कापलेल्या दरडीला दगडी गडगा आहे का, तो पोट पुढे काढून उभा आहे का, झाडं खालच्या बाजूला कललीत का? २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हापासून मी कोकणात आधी परसू बघते आणि मग ओटी. सातबाऱ्यावर किती चुलत्यांची नावं आहेत, हा प्रश्न वकिलाचा. पण तोही कौलांच्या आधी सोडवा.

प्रश्न : परभणीत आठ वर्षांचा बंगला बघतोय. दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा गेल्यात. मालक म्हणतात, ‘काळजी करू नका, उन्हाळ्यात पडतात, पावसाळ्यात आपोआप मिटतात.’ खरं असेल का?

अगदी खरं आहे, माणूस प्रामाणिक दिसतो. पण तोच रोग आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच जमीन घराखाली आहे. पाया उथळ असेल तर घर दरवर्षी मातीबरोबर थोडं वर-खाली होतं आणि दार-खिडकीच्या कोपऱ्यातून, भिंत जिथे अशक्त असते तिथून, तिरकं फाटतं.

पाया कसला आहे ते विचारा, नकाशा असेल तर मागा. अशा मातीत खाली फुगीर बुडाचे पाइल (जमिनीत खोल गेलेले काँक्रीटचे खांब) घेतात, कारण मातीची हालचाल वरच्या थरात जास्त असते आणि पाइल त्याच्याखाली जाऊन रोवून बसतो. तसे पाइल घेतलेले नसतील तर पुढचं बघा : गच्चीचं पाणी जोत्यालगतच पडतं का, शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक भिंतीला खेटून आहे का, चारी बाजूंनी फरशीचा मीटरभर पट्टा आहे का. एका बाजूची माती कायम ओली आणि दुसरी कोरडी, हे सर्वांत वाईट. ही तीन कामं पुष्कळदा स्वस्तात होतात आणि भेगांचा जोर कमी होतो.

भेग अजून हलतेय का, हे समजायला काचेची पातळ पट्टी भेगेवर आडवी ठेवून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवायची आणि शेजारी पेन्सिलीने तारीख टाकायची. सरकारी बांधकामांवरही ही जुनी रीत चालत आलीय. भिंत हलली की काच तडकते. मालक प्रामाणिक आहेत तर नाही म्हणणार नाहीत. तीन ठिकाणी काच लावा, एक पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीला बघायला जा. तोवर टोकन देऊ नका. काचांचं काय झालं, ते मला कळवा.